झाडांना हॅमॉक बांधताना: अंतर, कोन आणि आधार

वाडीवाला

नमस्कार. दापोली तालुक्यात आमची जुनी वाडी आहे. मे महिन्यात नातेवाईक मुलाबाळांसह राहायला येतात, तेव्हा घरामागच्या सावलीत दोन हॅमॉक (दोन आधारांमध्ये टांगून आत झोपायच्या झोळ्या) टांगावेत असा विचार आहे. एक नायलॉनच्या कापडाचा आहे, लांबी तीन मीटर. दुसरा सुती दोऱ्यांच्या जाळीचा असून त्याच्या दोन्ही टोकांना लाकडी दांडी आहे.

अडचण जागेची आहे. हापूसची कलमे दहा-दहा मीटरवर लावलेली आहेत आणि माडांच्या ओळीत साडेसात मीटर अंतर आहे, त्यामुळे कोणत्याही दोन झाडांमध्ये हॅमॉक सहज बसेल असे दिसत नाही. एका कलमापासून सुमारे चार मीटरवर मागच्या फाटकाचा चिऱ्याचा खांब आहे. तो एक फूट रुंद, एक फूट जाड आणि पाच फूट उंच आहे. एक टोक कलमाला आणि दुसरे या खांबाला बांधावे, असे घरातल्यांचे म्हणणे आहे. खांब दिसायला भक्कम आहे, परंतु मला खात्री वाटत नाही. त्याऐवजी लांब दोर घेऊन दोन माडांमध्ये बांधावे का? दोर कोणता घ्यावा आणि झाडाच्या सालीला इजा होऊ नये म्हणून काय करावे, हेही जाणकारांनी सांगावे.

चिरेबंदी

आधी खांबाविषयी लिहितो, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे. खांबाला बांधू नका.

हॅमॉकमध्ये माणूस बसला की त्याचे वजन अर्धे इकडे आणि अर्धे तिकडे जाते, म्हणजे ऐंशी किलोच्या माणसाचा प्रत्येक आधारावर चाळीस किलो भार येतो, असा बहुतेकांचा समज असतो. दोर सरळ खाली लोंबत असता तर ते खरे ठरले असते. हॅमॉकचा दोर तिरका असतो आणि तो जितका आडवा होत जातो तितका त्यातला ताण वाढत जातो. दोराचा जमिनीच्या पातळीशी ३० अंशांचा कोन असेल, तर ऐंशी किलोच्या माणसामुळे प्रत्येक बाजूच्या दोरात ८० किलोचा ताण येतो. कोन १५ अंशांवर आणला की तो १५५ किलो होतो, १० अंशांवर २३० आणि ५ अंशांवर जवळजवळ ४६० किलो. दोर ताणून हॅमॉक पलंगासारखा सपाट करण्याचा मोह अनेकांना होतो. त्यांच्या हातून नेमके हेच घडते.

आता तुमचा खांब घेऊ. ३० सेंटीमीटर चौरस आणि दीड मीटर उंच खांबाचे वजन, चिऱ्याची घनता दर घनमीटरला दोन हजार किलो धरली तर, साधारण २७० किलो भरते. आकडा मोठा वाटतो. परंतु खांब उलटू नये म्हणून हे वजन ज्या अंतरावरून काम करते ते अंतर खांबाच्या निम्म्या रुंदीइतके, म्हणजे केवळ १५ सेंटीमीटर आहे. गुणाकार (किलो गुणिले मीटर) केल्यास ४० मिळतात. उलट बाजूला, कोन अगदी योग्य म्हणजे ३० अंशांचा ठेवला तरी दोराची आडवी ओढ ६९ किलो असते आणि ती १.४ मीटर उंचीवर लागते. तिचा गुणाकार ९७ येतो. म्हणजे खांब नुसत्या वजनावर उभा असेल, तर शांतपणे पडून राहिलेला एक माणूसही त्याला उलटवण्यास पुरेसा आहे. मुलांनी झोके घेणे तर दूरच राहिले.

यावर कोणी म्हणेल की चिरे सिमेंटने जोडलेले आहेत. दाब सोसण्यात सिमेंटचा माल उत्तम असतो, परंतु ताणाखाली तो सहज सुटतो. त्यातून फाटकाच्या खांबाने अनेक पावसाळे सोसलेले असतात, फाटकाचे हिसके खाल्लेले असतात आणि सांध्यांतला माल (दर्जा) कुठे कुठे निघालेला असतो. सर्वांत वाईट गोष्ट ही की ओढ हॅमॉकच्या दिशेनेच असते. त्यामुळे खांब पडला तर तो आत पडलेल्या माणसाच्या अंगावरच येतो, आणि त्या वेळी तो माणूस उताणा, कापडात गुंडाळलेला आणि पटकन उठता न येण्याच्या अवस्थेत असतो. विटांच्या खांबांना, ओट्यावरच्या सुट्या खांबांना आणि कुंपणाच्या भिंतींनाही हेच लागू आहे.

दोरखंड

चिरेबंदी यांच्याशी पूर्ण सहमत. आम्ही डोंगरात मुक्कामाला हॅमॉक वापरतो, त्या अनुभवावरून अंतर आणि उंची यांचे गणित सांगतो.

तीस अंश डोळ्यांनी ओळखणे कठीण नाही. अंगठा आणि तर्जनी काटकोनात ताणा, तर्जनी जमिनीला समांतर धरा आणि अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकापर्यंत एक तिरकी रेषा मनात आखा. ती साधारण तीस अंशांची असते. माणूस आत बसलेला असताना झाडाजवळचा दोर त्या रेषेशी जुळला पाहिजे, रिकाम्या हॅमॉकवर मोजून उपयोग नाही. मोबाइलमध्ये कोन मोजण्याची सोय असेल तर प्रश्नच मिटला.

तुमच्या तीन मीटरच्या हॅमॉकसाठी झाडांमधले अंतर चार मीटर असेल, तर झाडाभोवतीचा पट्टा जमिनीपासून सुमारे १.७ मीटर उंचीवर बांधावा लागतो. मग माणूस बसल्यावर तळ जमिनीपासून हातभर, म्हणजे खुर्चीच्या उंचीला राहतो. त्यापेक्षा उंच टांगण्याचे काहीच कारण नाही, कारण पट्टा सुटला तरी हातभर उंचीवरून पडलेला माणूस बहुधा कंबर चोळत उठतो. मात्र त्या जागेखाली दगड, खुंट किंवा वर आलेले मूळ नसावे. एकाखाली एक असे दोन हॅमॉक टांगण्याची हौस मुलांना असते, ती कटाक्षाने टाळावी.

अंतर दर अर्ध्या मीटरने वाढले की पट्टा सुमारे १५ सेंटीमीटर वर न्यावा लागतो. म्हणजे साडेसात मीटरवरच्या माडांना २.७ मीटर उंचीवर आणि दहा मीटरवरच्या कलमांना ३.४ मीटर उंचीवर बांधावे लागेल. त्याला शिडी हवी. इतके वर कोणी बांधत नाही आणि मग हॅमॉक जमिनीला टेकू नये म्हणून दोर ताणला जातो. शेतीसाठी योग्य अंतरावर लावलेली झाडे हॅमॉकसाठी अशी गैरसोयीची ठरतात. शिवाय झाड उंचावर धरले की त्याला जास्त तरफ मिळते आणि ते अधिक हलते.

रानवाट

थोडा वेगळा सूर लावतो. आमच्याकडे शेतावर पूर्वापार लुगड्याची झोळी झाडाला बांधतात. बाया कामाला लागल्या की तान्ही मुले तीत झोपतात. तिथे कोणी कोन मोजला नाही की पट्टे आणले नाहीत. साधा सुंभ किंवा नायलॉनचा दोर चालतो. एवढे सगळे गणित खरोखर आवश्यक आहे का?

चिरेबंदी

रानवाट, प्रश्न रास्त आहे. शेतावरच्या झोळीची दोन्ही टोके बहुधा एकाच आडव्या फांदीला, जवळजवळ बांधलेली असतात. तिथे दोर जवळपास उभा राहतो, त्यामुळे बाळाचे आणि लुगड्याचे मिळून जे पाच-सात किलो होतात ते दोन दोरांत निम्मे निम्मे वाटले जातात. आडवी ओढ नगण्य असते. तिथल्या अनुभवाने तिथली झोळी सुरक्षित ठरते. तोच दोर आणि तीच गाठ घेऊन ऐंशी किलोचा माणूस दोन झाडांमध्ये आडवा टांगला, तर ताण पंचवीस-तीस पटींनी वाढतो आणि कोन चुकला तर त्याहूनही जास्त. त्यामुळे तो अनुभव इथे लागू पडत नाही.

पानगळ

सालीविषयी विचारले आहे. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आंबा, फणस, चिंच यांसारख्या झाडांत पानांनी तयार केलेले अन्न मुळांकडे नेणारा थर सालीच्या आतल्या बाजूला असतो आणि त्याला लागूनच खोडाची जाडी वाढवणाऱ्या जिवंत पेशींचा पातळ थर असतो. बारीक दोर ओढीखाली सालीत रुततो आणि हे दोन्ही थर चेचतो. एका ठिकाणची जखम झाड हळूहळू भरून काढते, पण दोराचा काच खोडाच्या पूर्ण घेराभोवती पडला तर मुळांचे अन्न तुटते. वाळत घालायची तार वर्षानुवर्षे तशीच बांधून ठेवलेल्या झाडाला तारेच्या वरच्या बाजूला फुगवटा आलेला अनेकांनी पाहिला असेल. म्हणून दोराऐवजी रुंद, चपटा पट्टा वापरावा. अडीच सेंटीमीटर ही किमान रुंदी समजावी, पातळ सालीच्या झाडाला पाच सेंटीमीटर. काम झाले की पट्टा त्याच दिवशी सोडून घरात न्यावा, कारण कायम बांधून ठेवलेला पट्टा कितीही रुंद असला तरी वाढत्या खोडाला काचतो.

माडाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या खोडात जाडी वाढवणारा तो थरच नसतो आणि अन्न-पाणी नेणाऱ्या वाहिन्या खोडभर विखुरलेल्या असतात. त्यामुळे घेराभोवतीच्या काचाने तो आंब्यासारखा मरत नाही, परंतु त्याला झालेली जखम कधीच भरून येत नाही. माडाला ठोकलेला खिळा किंवा दोराने कापलेली खाच कायमची राहते आणि किडीला व बुरशीला वाट मोकळी होते.

आता तुमच्या कलमाकडे वळू. कलमे बहुधा ठेंगणी आणि खालूनच फाटे फुटलेली असतात, त्यामुळे १.७ मीटर उंचीवर तुम्हाला खोड न मिळता एखादा जाड फाटा मिळेल. तो मांडीहून जाड, हिरवा आणि जिवंत असावा. जिथे दोन फाटे अरुंद बेचक्यात एकमेकांना चिकटून वाढले आहेत आणि मधली साल आत दबली आहे, तिथला जोड कमकुवत असतो. ओढ लागल्यावर तो उभा फाटतो. भिरूड (खोड पोखरणारी कीड) लागले आहे का हेही बघा. खोडावर छिद्र आणि त्याखाली लाकडाचा भुसा दिसला, तर आतून पोखरलेले असण्याची शक्यता धरावी. बांडगुळाने वाळवलेल्या फांद्या वर लोंबत असतील तर आधी उतरवाव्यात. आणि मे महिन्यात हापूसखाली झोपणार असाल तर चिकाची आठवण ठेवा, चेहऱ्यावर पडला की कातडी भाजते.

माडाचीसावली

मी गोव्याचा, बार्देशातला. पर्यटकांच्या छायाचित्रांत हॅमॉक नेहमी दोन माडांमध्येच दिसतो, त्यामुळे तेच योग्य असा समज पसरला आहे. आमच्या भाटात (नारळीच्या बागेत) आम्ही तो तसा बांधत नाही.

सोललेला नसलेला नारळ दीड किलोच्या आसपास भरतो. पंधरा मीटर उंचीवरून सुटलेला नारळ जमिनीजवळ येईपर्यंत ताशी साठ किलोमीटरच्या वेगाला पोचतो. पाडेली (नारळ पाडणारा) येऊन गेला म्हणजे झाड निर्धोक झाले असेही नाही, कारण उंदरांनी कुरतडलेली कोवळी फळे केव्हाही गळतात आणि वाळलेली झावळ वाऱ्याशिवायही सुटते. झावळीच्या बुडख्याचे वजन ज्याने उचलून पाहिले आहे त्याला जास्त सांगायला नको.

दुसरा धोका दिसत नाही. सोंड्या भुंग्याच्या अळ्या माडाचे खोड आतून खातात आणि बाहेरून झाड बराच काळ हिरवे राहते. खोडावरच्या छिद्रातून तांबूस चिकट द्रव ओघळलेला असेल, चघळलेल्या तंतूंचा चोथा बाहेर आलेला असेल किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर त्या माडाला हात लावू नका. पोफळीचा तर विचारही नको, तिचे खोड बारीक असते आणि ते ओढीने धनुष्यासारखे वाकते.

श्रीवर्धनची वाट

माडाचीसावली यांच्या मुद्द्याला जोड देतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर आले. त्यात रायगड आणि दापोली-मंडणगड भागातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. जी झाडे उभी राहिली त्यांतल्या कित्येकांची मुळे हलली आहेत. तुमच्या वाडीतही अशी झाडे असू शकतील. खोड तिरके असणे हा दोष नाही, कित्येक माड जन्मापासून वाकडे असतात. पण बुंध्याजवळची माती एका बाजूला उचललेली असेल, तिला भेगा असतील किंवा बुंध्याला फळीसारखी बुरशी आलेली असेल, तर ते झाड आडवी ओढ सोसण्याच्या लायकीचे राहिलेले नाही असे समजावे.

किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात हॅमॉक बांधणाऱ्यांनी एवढे नक्की बघावे की भरतीने वाळू वाहून जाऊन मुळे उघडी पडलेली नाहीत ना. समुद्राकडची पहिली रांग मी सोडून देतो.

झाडांच्या जातींबद्दल आमच्याकडचा ठोकताळा असा: चिंच, फणस, आंबा, वड निर्धास्त, जांभूळ आणि गुलमोहर नको, शेवगा तर मुळीच नको. आणि वळवाचे ढग गडगडू लागले की हॅमॉक तिथेच सोडून घरात जावे, वीज चमकत असताना झाडाखाली थांबू नये.

परसदार

मी न्यू जर्सीत राहते. इथे घरोघरी मागच्या अंगणात हॅमॉक असतो, त्यामुळे दांडीवाल्या प्रकाराबद्दल दोन शब्द. दांडीमुळे जाळी पसरून सपाट राहते आणि माणूस तिच्या आत खोल न जाता वर राहतो. त्यामुळे तोल किंचित जरी गेला तरी तो गर्रकन उलटतो. शिवाय हा प्रकार मुळातच जास्त ताणून बांधला जातो, म्हणजे वर चिरेबंदी यांनी सांगितलेली ओढ त्यात सर्वाधिक असते. हा हॅमॉक मोठ्यांपुरता ठेवावा, आधी मधोमध बसावे आणि मग पाय वर घ्यावेत.

जाळीचा हॅमॉक आणि लहान मुले यांची गाठ घालू नका. १९९६ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने दांडी नसलेले जाळीचे छोटे हॅमॉक मोठ्या प्रमाणावर बाजारातून परत घ्यायला लावले होते, कारण चढता-उतरताना जाळी पिळून गळ्याभोवती आवळल्यामुळे मुलांचे मृत्यू झाले होते. कापडी हॅमॉकमध्येही लहान मूल एकटे सोडू नये, आणि वापर नसताना तो लोंबत न ठेवता काढून ठेवावा.

वाडीवाला

सर्वांचे मनापासून आभार. खांबाचा विचार सोडला आहे आणि माडांचाही. खांबाचे गणित मी घरात वाचून दाखवले, त्यानंतर वाद उरला नाही. दांडीवाला हॅमॉक तूर्त माळ्यावर राहील.

आता दोन शंका आहेत. कलमापासून चार-साडेचार मीटरवर नवा लोखंडी खांब रोवला तर चालेल का? आणि पट्ट्याऐवजी कलमात आरपार बोल्ट घालून कायमची कडी बसवावी, असे एका सुताराने सुचवले आहे. ते योग्य आहे का?

चिरेबंदी

खांब चालेल, मात्र नीट रोवला पाहिजे. ओढ १.७ मीटरवर लागणार असल्याने जमिनीच्या पातळीला खांबावर सुमारे १२० (किलो गुणिले मीटर) इतका वाकवणारा भार येईल. झोके आणि धपकन बसणे धरून त्याच्या दुपटीची तयारी ठेवावी. तीन इंची, जाड गेजचा गॅल्व्हनाइज्ड पाइप घ्या. अर्धा मीटर रुंद आणि एक मीटर खोल खड्डा खणून तो काँक्रीटमध्ये बसवा. रोवताना खांब हॅमॉकच्या विरुद्ध दिशेला किंचित कललेला ठेवा. काँक्रीटला किमान दोन आठवडे पाणी मारा आणि त्यानंतरच भार द्या. जांभ्याचा कातळ वरच लागला तर खड्डा उथळ ठेवून भागवू नका, कातळ फोडून खोली गाठा. भरावाची माती असेल तर खड्डा आणखी मोठा लागेल, त्या वेळी जागेचे छायाचित्र इथे टाका.

पानगळ

बोल्टबद्दल माझे मत अनेकांना पटत नाही, तरी सांगते. एकाच जागी घातलेला, पुरेसा जाड, गंजरोधक आरपार बोल्ट निरोगी झाडाला सहसा मारत नाही, कारण जखमेभोवतीचे लाकूड वेगळे करून झाड नवे लाकूड बाजूने वाढवते. वर्षानुवर्षे न सोडलेल्या दोरापेक्षा तो कमी वाईट आहे. तरीही कलमाला भिरुडाचा धोका असताना खोडाला मुद्दाम भोक पाडणे मला योग्य वाटत नाही. माडाला तर हे चालणारच नाही. आणि झाड आपल्या वाडीतले नसून शहरातल्या रस्त्यावरचे किंवा बागेतले असेल, तर १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाची आठवण ठेवावी. तिथे बोल्ट, खिळे यांचा विषयच येत नाही. देवराईत तर पट्टाही बांधू नये.

दोरखंड

पट्टे घेताना एवढे पाहा. पॉलिएस्टर कमी ताणला जातो आणि भिजल्यावरही फारसा बदलत नाही. नायलॉन ओला झाला की लांबतो, त्यामुळे दवाने भिजलेला हॅमॉक पहाटे जमिनीला टेकलेला सापडतो. पॉलिप्रॉपिलीनचा स्वस्त रंगीत दोर उन्हाने ठिसूळ होतो, तो घेऊच नका. खाटेची सुती नवार दिसायला पट्ट्यासारखी असली तरी ती कुजते.

ट्रकवर माल आवळायचे चांगल्या प्रतीचे पट्टे बाजारात मिळतात. युरोपीय मानकाप्रमाणे बनवलेल्या पट्ट्यावर निळी चिठ्ठी पॉलिएस्टरची, हिरवी नायलॉनची आणि तपकिरी पॉलिप्रॉपिलीनची असते. ज्यावर भारक्षमता छापलेलीच नाही असा पट्टा घेऊ नये. तुटण्याचा भार हा वापरण्याचा भार नव्हे, अपेक्षित ताणाच्या किमान पाचपट क्षमता असावी. तुमच्या बाबतीत ती प्रत्येक बाजूला चारशे किलोच्या वर हवी. किल्ल्यांच्या जुडग्याला लावायच्या कड्या कॅराबिनरसारख्या (दोर अडकवायच्या, उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीसारख्या) दिसतात, पण त्या ओढीखाली उघडतात. गिर्यारोहणाच्या कॅराबिनरवर किलोन्यूटनमध्ये आकडा कोरलेला असतो, एक किलोन्यूटन म्हणजे सुमारे १०२ किलो. गाठ बांधायची असेल तर बोलाइन शिकून घ्या. ती भाराखाली सरकत नाही आणि नंतर हाताने सुटते, नाहीतर ओढ लागून निरगाठ इतकी घट्ट बसते की शेवटी कोयता आणावा लागतो.

दरवेळी बांधल्यावर आधी दोन्ही हातांनी, मग हळूहळू बसून पूर्ण वजन द्यावे आणि त्या वेळी वर शेंड्याकडे पाहावे. नुसते बसल्याने झाडाचा शेंडा हलत असेल तर ते झाड बारीक आहे.

वाडीवाला

पट्ट्यांची मागणी पॉलिएस्टरची, पाच सेंटीमीटर रुंदीची केली आहे. उद्या खड्डा खणायला घेतो. अर्ध्या मीटरवरच कातळ लागेल असा शेजाऱ्यांचा अंदाज आहे, तसे झाले तर छायाचित्र टाकतो.

चिरेबंदी

टाका. आणि खणण्यापूर्वी पंपाची केबल आणि पाण्याचा पाइप कुठून गेला आहे ते घरात विचारून घ्या.